कंसात गेलेली नावे

जमिनीची खरेदी झाली, वाटणी झाली किंवा मालक वारला, की गावच्या दप्तरात फेरफार पडतो. सातबाऱ्यावरच्या जुन्या नावाला कंस होतो आणि त्याच्याखाली नवे नाव लागते. जुने नाव पुसत नाहीत. ते वाचता येते, त्याचा हक्क तेवढा संपलेला असतो. आपल्या आजोबांचे नाव ज्यांनी असे कंसात पाहिले आहे, त्यांना पुढची हकिगत समजायला वेळ लागणार नाही. अकराव्या शतकात इंग्लंड नावाच्या अख्ख्या देशाचा असा फेरफार झाला. 1066 ते 1086 या वीस वर्षांत तिथल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या जमीनमालकाचे नाव कंसात गेले. त्या फेरफाराचे मूळ दप्तर लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात आजही शाबूत आहे.

लढाईची गोष्ट बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. 5 जानेवारी 1066 रोजी राजा एडवर्ड निपुत्रिक वारला. दुसऱ्याच दिवशी त्याचा मेहुणा हॅरल्ड गादीवर बसला. समुद्रापलीकडच्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम म्हणत होता की गादीचे वचन एडवर्डने आपल्याला दिले होते. तिसरा दावेदार नॉर्वेचा राजा. तो सप्टेंबरमध्ये उत्तरेत उतरला. हॅरल्डने धाव घेऊन 25 सप्टेंबरला त्याला स्टॅमफर्ड ब्रिजपाशी ठार केले. तीनच दिवसांनी विल्यम दक्षिण किनाऱ्यावर पेव्हन्सीला उतरला. थकलेली फौज घेऊन हॅरल्ड पुन्हा सगळा देश ओलांडून खाली आला आणि 14 ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळच्या टेकडीवर दिवसभराच्या लढाईत पडला. त्याचे दोन भाऊही तिथेच पडले.

नॉर्मन हे मुळात उत्तरेकडून आलेले व्हायकिंग. फ्रान्सच्या किनाऱ्यावर वसून दीडशे वर्षांत त्यांनी फ्रेंच भाषा आणि घोड्यावरून लढण्याची रीत उचलली होती. इंग्लंडची वस्ती तेव्हा 15 ते 20 लाखांच्या घरात असावी. तिथे येऊन स्थायिक झालेले नॉर्मन आणि त्यांचे फ्रेंच, ब्रेटन, फ्लेमिश सोबती मिळून दहा हजारांच्या आतबाहेर. म्हणजे दीडदोनशे माणसांमागे एक. एवढ्या थोड्यांनी एवढ्या मोठ्या देशाचा कायापालट कसा केला, हा या प्रकरणाचा विषय आहे. माझ्या मते त्याचे उत्तर तलवारीपेक्षा दप्तरात, स्वयंपाकघरात आणि बारशात जास्त सापडते.

राज्याभिषेक त्याच वर्षी नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टरच्या मठात झाला. हा तुम्हाला राजा म्हणून मान्य आहे का, हे जमलेल्यांना विचारण्याची प्रथा होती. प्रश्न दोनदा विचारावा लागला. यॉर्कच्या आर्चबिशपने तो इंग्रजीत विचारला आणि कुतांसच्या बिशपने फ्रेंचमध्ये. आतून होकाराचा मोठा गलका उठला. बाहेर पहाऱ्यावर असलेल्या नॉर्मन शिपायांना त्या आरोळीचा अर्थ कळला नाही. दंगल झाली असे समजून त्यांनी आसपासच्या घरांना आगी लावल्या. लोक बाहेर पळाले आणि उरलेला विधी मूठभर पाद्र्यांनी कसाबसा उरकला. ही हकिगत ऑर्डरिक व्हिटॅलिस या मठवासी इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. थरथरणाऱ्या राजाचे वर्णनही त्यानेच केले आहे. हा ऑर्डरिक आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

पहिल्या दिवसापासून राज्यकर्त्याला प्रजेचा जयघोषसुद्धा बंडासारखा ऐकू येत होता, आणि बंडे खरोखरच होत राहिली. 1069 मध्ये उत्तरेतल्या लोकांनी डेन्मार्कच्या आरमाराची मदत घेऊन यॉर्कची नॉर्मन शिबंदी कापून काढली. मग विल्यमने त्या हिवाळ्यात जे केले, त्याला इंग्लंडच्या इतिहासात ‘उत्तरेची नासधूस’ असेच नाव पडले आहे. त्याच्या तुकड्या गावोगाव फिरल्या. कणग्या, बी-बियाणे, नांगर, गुरे एकत्र करून जाळली. माणूस पळून रानात लपला तरी वसंतात पेरायला त्याच्याकडे काही उरू नये, असा तो बेत होता. वाचलेली माणसे दक्षिणेकडे चालत निघाली. काही जण मध्य इंग्लंडातल्या ईव्हशमच्या मठापर्यंत पोचले. तिथल्या एथेलविग नावाच्या मठाधिपतीने त्यांच्यासाठी अन्नछत्र उघडले. पण भुकेने इतकी खंगलेली माणसे अन्न पोटात गेल्यावरही मरत होती, आणि मठाला रोज पाचसहा प्रेते पुरावी लागत होती. ऑर्डरिकने मृतांचा आकडा एक लाखाहून जास्त दिला आहे. मध्ययुगीन लेखकांचे आकडे शब्दशः घ्यायचे नसतात. पण हाच लेखक एरवी विल्यमचे भरभरून कौतुक करतो आणि या एका कृत्याला मात्र क्षमा नाही असे म्हणतो. मला त्या आकड्याहून त्याचा हा निवाडा मोठा पुरावा वाटतो.

देश धाकात ठेवायला नॉर्मनांनी गढ्या बांधल्या. इंग्लंडमध्ये तटबंदीची गावे होती, पण एका सरदाराने गावाच्या उरावर बांधलेली खासगी गढी ही कल्पना तिथे जवळजवळ नवी होती. सक्तीच्या मजुरांकडून मातीचा उंच ढिगारा रचून घ्यायचा, वर लाकडी बुरूज, खाली कुंपण घातलेले आवार. काही आठवड्यांत काम उभे राही. यासाठी जागा कशी मोकळी केली, तेही दप्तरात आहे. लिंकन शहरात गढीसाठी 166 घरे पाडल्याची नोंद आहे. पुढे यातल्या कित्येक गढ्या दगडात बांधल्या गेल्या. लंडनच्या टॉवरचा मधला पांढरा बुरूज त्यातलाच. त्याचा काही दगड नॉर्मंडीतल्या कां शहराजवळच्या खाणींतून समुद्रावरून आणला होता.

आता त्या दप्तराकडे वळू. 1085 च्या नाताळात ग्लॉस्टरला दरबार भरला असताना विल्यमने हुकूम सोडला की सगळ्या देशाची मोजणी करा. पुढच्या वर्षभरात अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. केंब्रिजशायरच्या याद्या टिकून राहिल्या आहेत, त्यांवरून कामाची पद्धत दिसते. तालुक्यासारखा जो ‘हंड्रेड’ असे, त्यात आठ पंचांना शपथ देऊन बसवत. चार फ्रेंच, चार इंग्रज. त्यांना विचारत: जागेचे नाव काय? एडवर्ड राजाच्या वेळी कोणाकडे होती? आता कोणाकडे आहे? नांगर किती चालतात? कुळे किती, स्वतंत्र माणसे किती, गुलाम किती? रान, कुरण, गिरण्या, तळी? तेव्हा किंमत काय होती, हातात आली तेव्हा काय, आता काय? सातबाऱ्याशी ओळख असलेल्या माणसाला यातला एकही प्रश्न परका वाटणार नाही. तेरा हजारांहून जास्त ठिकाणांची अशी नोंद झाली. पाणचक्क्याच सुमारे सहा हजार भरल्या. एका इंग्रज मठातल्या बखरकाराने संतापून लिहिले की राजाने एक बैल, एक गाय, एक डुक्करही नोंदीतून सोडले नाही. सांगायलाही लाज वाटावी असा हा प्रकार आहे, असे त्याला वाटत होते. पुढे लोकांनी या ग्रंथाला नाव दिले ‘डूम्सडे बुक’, म्हणजे अंतिम न्यायाच्या दिवसाचे पुस्तक. त्यातल्या नोंदीवर अपील नव्हते.

या पुस्तकाची बेरीज अशी. जवळजवळ पाचवा हिस्सा जमीन राजाची आणि त्याच्या घराची. सुमारे चौथा हिस्सा चर्चची. निम्मी जमीन दोनशेच्या आत असलेल्या सरदारांची, आणि तीही मालकीची नव्हे. राजाला ठरलेले घोडेस्वार पुरवण्याच्या अटीवर दिलेली. मराठ्यांच्या राज्यात जिला सरंजाम म्हणत, तिच्या जवळची ही व्यवस्था. इंग्रज वंशाच्या माणसांकडे देशातली विसावा हिस्सा जमीन उरली होती. थेट राजाकडून जमीन धरणारे मोठे इंग्रज सरदार दोनच राहिले, आर्डनचा थर्किल आणि लिंकनचा कोल्स्वेन. बाकीचे हजारो जुने जमीनदार मेले, परागंदा झाले किंवा आपल्याच जमिनीवर कूळ म्हणून राहिले.

परागंदा झालेले कुठवर गेले पाहा. कित्येक इंग्रज वीर थेट कॉन्स्टँटिनोपलला पोचून बायझंटाईन सम्राटाच्या अंगरक्षक पथकात भरती झाले. 1081 मध्ये सम्राटाकडून लढताना त्यांची गाठ पडली इटलीतून चालून आलेल्या नॉर्मनांशी. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांच्यामुळे घर गेले होते, त्यांचेच भाऊबंद. हे पथक त्वेषाने पुढे घुसले आणि तिथेही कापले गेले.

आणि जे जमिनीवरच राहिले? बकिंगहॅमशायरमधल्या मार्श गिबन गावच्या नोंदीत एथेलरिक नावाचा माणूस आहे. एडवर्ड राजाच्या वेळी ती जमीन त्याचीच होती. 1086 मध्ये तो तीच जमीन विल्यम नावाच्या एका नॉर्मन सरदाराकडून खंडाने कसतो आहे. नोंद इथे संपायला हवी होती. पण लिहिणाऱ्या कारकुनाने पुढे दोन शब्द जास्त लिहिले. त्यांचा अर्थ असा की हा माणूस जड ओझ्याखाली, फार हलाखीत ती जमीन धरून आहे. नांगर आणि कुरणे मोजणाऱ्या या कोरड्या ग्रंथात हे दोन शब्द कसे आले असतील, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. पंचांपुढे एथेलरिक स्वतः उभा राहिला असेल काय? त्याची हलाखी कोणीतरी लिहून ठेवली, एवढे नक्की.

उत्तरेच्या पानांवर दुसरा एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. यॉर्कशायरच्या गावामागून गावापुढे शेरा आहे: ‘पडीक’. कणग्या जळाल्याला सोळा वर्षे झाली होती. पडीक या शेऱ्याचा अर्थ दर वेळी ‘जाळलेले गाव’ असाच होत नाही. कधी महसूल येत नाही किंवा माहिती मिळाली नाही, एवढाच अर्थ असावा, असे काही अभ्यासक म्हणतात, आणि ते रास्त आहे. तरीही इतकी पाने सलग पडीक दिसतात तेव्हा त्या हिवाळ्याची आठवण टाळता येत नाही.

खालच्या थरात काय झाले, याचे उत्तर सरळ नाही. केंब्रिजशायरमध्ये 1066 साली सुमारे 900 ‘सोकमेन’, म्हणजे आपल्या जमिनीचे बऱ्यापैकी स्वतंत्र शेतकरी होते. वीस वर्षांनी 213 उरले. बाकीचे सरदाराच्या शेतावर वेठ करणाऱ्या बांधील कुळांत मोडू लागले. पण याच काळात गुलामगिरी मात्र ओसरली. डूम्सडेत मोजलेल्या दर दहा माणसांत साधारण एक गुलाम आहे, आणि ही प्रथा नॉर्मनांनी आणलेली नव्हे, जुन्या इंग्रज समाजाचीच होती. ब्रिस्टलच्या बंदरातून माणसे आयर्लंडला विकली जात. वूस्टरचा इंग्रज बिशप वुल्फस्टन तिथे वारंवार जाऊन या व्यापाराविरुद्ध प्रवचने करत असे. 1102 मध्ये वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने हा व्यापार निषिद्ध ठरवला आणि बाराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधून गुलाम जवळजवळ नाहीसे झाले. वरचे खाली ढकलले गेले, अगदी तळचे थोडे वर आले, आणि मधे बांधील कुळांचा एक मोठा वर्ग तयार झाला. आपल्या घराण्याचे वैभव गेले म्हणून रडणाऱ्या जमीनदाराच्या वाड्यातही गुलाम होते, हे विसरून या विजयाचा हिशेब पुरा होत नाही.

वुल्फस्टनचा उल्लेख आलाच आहे, तर त्याची आणखी एक गोष्ट. विल्यम 1087 मध्ये वारला तोवर देशात इंग्रज वंशाचा बिशप हा एकटाच उरला होता. नव्या बिशपांनी जुनी देवळे पाडून नॉर्मन धाटणीची प्रचंड देवळे उठवली. विंचेस्टरचे काम 1079 मध्ये सुरू झाले, डरमचे 1093 मध्ये. वूस्टरलाही नवे देऊळ बांधायचे ठरले. जुन्या देवळाचे छप्पर उतरवू लागले तेव्हा वुल्फस्टन रडू लागला. आपल्या पूर्वजांना असे डौलदार बांधता येत नव्हते, पण ते माणसांचे जीव सांभाळत होते, आणि आपण दगड रचत बसलो आहोत, असे तो म्हणाल्याचे त्याच्या चरित्रात आहे. नव्या देवळाला परवानगी त्यानेच दिलेली होती.

स्त्रियांच्या वाट्याला काय आले, ते एका पत्रातून कळते. विजयानंतर पुष्कळ इंग्रज स्त्रिया मठांत जाऊन राहिल्या. त्यांनी संन्यासाची वस्त्रे घातली होती. आता त्यांना बाहेर येऊन लग्न करता येईल का, हा प्रश्न कँटरबरीचा आर्चबिशप लॅनफ्रँक याच्यापुढे आला. तो स्वतः विल्यमचा माणूस. त्याने कळवले की ज्या देवाच्या ओढीने नव्हे तर फ्रेंचांच्या भीतीने मठात गेल्या, त्यांना जाऊ द्या. एवढ्या मोठ्या धर्माधिकाऱ्याला त्या भीतीची नोंद घ्यावी लागली. जुन्या राजघराण्यातली ईडिथ लहानपणी अशाच मठात मावशीजवळ वाढली. मावशी तिच्या डोक्यावर बळेच काळा बुरखा घाली, नॉर्मन पुरुषांची नजर पडू नये म्हणून. ती वळली की ईडिथ तो ओढून पायाखाली तुडवी. पुढे 1100 मध्ये विजेत्या विल्यमच्या धाकट्या मुलाने, राजा पहिल्या हेन्रीने, हिलाच मागणी घातली. बुरखा बळजबरीचा होता, तिने कधी दीक्षा घेतली नव्हती, असा निर्णय मिळाल्यावर लग्न झाले. आपल्याकडे ताटातल्या तांदळावर नवरीचे नवे नाव लिहितात. ईडिथचेही नाव बदलले. ती मटिल्डा झाली, हे नॉर्मनांच्या तोंडात बसणारे नाव. तरीही दरबारातले नॉर्मन सरदार राजाराणीला पाठीमागे गॉड्रिक आणि गॉडगिफू या अस्सल इंग्रज नावांनी चिडवत. इंग्रज असणे हीच चिडवायची गोष्ट झाली होती.

आता ऑर्डरिक. 1075 मध्ये श्रूजबरीजवळ जन्मलेला. बाप फ्रेंच पाद्री, आई इंग्रज. बापाने दहाव्या वर्षी त्याला नॉर्मंडीतल्या सेंट एव्हरू मठाला कायमचे देऊन टाकले. तिथली भाषा त्याला येत नव्हती. इजिप्तमध्ये विकल्या गेलेल्या बायबलातल्या योसेफासारखे वाटले, असे त्याने म्हातारपणी लिहिले. त्याचे ऑर्डरिक हे नाव नॉर्मन कानांना कर्कश वाटले, म्हणून मठाने व्हिटॅलिस असे नवे नाव ठेवले. आयुष्यभर नॉर्मंडीत राहून नॉर्मनांचा सगळ्यात मोठा इतिहास त्याने लिहिला, पण स्वतःला तो इंग्लंडात जन्मलेला म्हणवत राहिला. आईचे नाव त्याच्या लिखाणात कुठेच नाही.

गावोगावच्या बारशांत हेच चालले होते. व्हिटबीजवळ एका मुलाचे नाव टॉस्टिग ठेवले होते. सवंगडी हसू लागले, म्हणून आईबापांनी ते बदलून विल्यम केले. हा मुलगा पुढे फार्न बेटावरचा बार्थॉलोम्यू नावाचा संत म्हणून प्रसिद्ध झाला. शंभर-सव्वाशे वर्षांत एथेलरिक, लिओफ्रिक, गॉडविन ही नावे दुर्मीळ झाली आणि शेताशेतांत विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड नांगर धरू लागले. आज आपण ज्यांना अस्सल इंग्रज नावे समजतो, ती त्या नव्या मालकांची नावे आहेत.

भाषेचे मात्र वेगळे झाले. दरबार, न्यायालय आणि शिकार फ्रेंचमध्ये चाले, दप्तर लॅटिनमध्ये. इंग्रजीत लिहिली जाणारी जुनी राष्ट्रीय बखर पीटरबरोच्या मठात तेवढी कशीबशी तग धरून होती, तीही 1154 ला थांबली. पण शेतावर, चुलीपाशी, पाळण्यापाशी इंग्रजीच होती. गोठ्यातले प्राणी इंग्रज राहिले आणि पानात पडलेले मांस फ्रेंच झाले, हे उदाहरण पुष्कळांनी वाचले असेल. त्यातली एक कडी आपल्या रोजच्या बाजारात आहे. आपण ज्याला मटण म्हणतो, तो शब्द फ्रेंच ‘मूताँ’. त्याचा मूळ अर्थ चालतीबोलती मेंढी. नॉर्मनांबरोबर तो इंग्लंडला आला, आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे. जिवंत जनावराला एक शब्द आणि मांसाला दुसरा, ही वाटणी मात्र एका दिवसात झाली नाही. कित्येक शतके दोन्ही शब्द दोन्ही अर्थांनी चालत होते. कोर्ट, जज्ज, अपील, वॉरंट हे शब्दही त्याच वाटेने आपल्या तालुक्याच्या गावी पोचले. सातबाऱ्यावरचे कब्जेदार, महसूल हे शब्द फारसीच्या अमलातून मराठीत आले, आणि नांगर, बैल, पेरणी जागची हलली नाहीत. ज्याच्या हाती हुकूम असतो त्याचे शब्द कुठे साठतात, ते मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

फ्रेंच शब्दांचा मोठा लोंढा विजयानंतर लगेच आला नाही. तो आला 1250 ते 1400 या काळात, म्हणजे सरदारांची पोरे फ्रेंच विसरून इंग्रजी बोलू लागली तेव्हा. 1204 मध्ये राजा जॉनने नॉर्मंडी गमावली आणि समुद्रापलीकडचे घर तुटले. दायांकडून, नोकरांकडून, इंग्रज आयांकडून मुले इंग्रजी शिकत होतीच. ती बोलताना नेमका शब्द सुचला नाही की घरातला फ्रेंच शब्द घालत. मरणारी भाषा आपली भांडीकुंडी शेजारणीच्या घरात ठेवून गेली.

माणसेही तशीच मिसळली. आधी कायदा असा होता की नॉर्मन माणूस मेलेला सापडला आणि मारेकरी मिळाला नाही, तर सगळ्या हंड्रेडने जबर दंड भरायचा. मेलेला इंग्रज होता हे सिद्ध केले की दंड माफ. 1170 च्या दशकात राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने लिहिले की एकत्र राहून आणि सोयरिकी होऊन आता स्वतंत्र माणसांत कोण इंग्रज आणि कोण नॉर्मन हे सांगता येत नाही, म्हणून बहुतेक सगळ्याच खुनांना हा दंड लागतो. त्याने एक अपवाद केला, बांधील कुळांचा. त्यांच्याबद्दल शंकाच नव्हती, ती इंग्रजच. हा अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. वर रक्त मिसळले, तळाशी हरलेलेच राहिले. तो कायदा रद्द व्हायला 1340 उजाडले.

1239 मध्ये राजा तिसऱ्या हेन्रीला मुलगा झाला. जुन्या वंशातल्या त्या निपुत्रिक एडवर्ड राजाला आता संत मानत होते, आणि हेन्रीची त्याच्यावर अपार भक्ती होती. विजेत्याच्या वंशातल्या या राजाने बाळाचे नाव एडवर्ड ठेवले. 170 वर्षांनी एक इंग्रज नाव कंसातून बाहेर आले आणि पुढे गादीवर बसले. 1362 मध्ये न्यायालयात तोंडी कामकाज इंग्रजीत चालावे असा कायदा झाला, पण हा कायदासुद्धा फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. वकिलांची तुटकी फ्रेंच आणि दप्तराची लॅटिन 1733 पर्यंत टिकली.

ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये एक जागा मात्र अजून सुटलेली नाही. विधेयकाला राजाची संमती मिळाली, हे तिथला कारकून आजही काही प्रसंगी नॉर्मन फ्रेंचमध्ये पुकारतो. चार शब्द आहेत, अर्थ एवढाच की राजाची तशी इच्छा आहे. 18 जुलै 1947 रोजी भारताच्या स्वातंत्र्याचे विधेयक लॉर्ड्सच्या सभागृहात त्याच चार शब्दांनी कायदा झाले.